लघवीवर ताबा नसलेला ससा आणि त्याची सोलवटलेली त्वचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी शेवंती नावाची पांढरी सशीण होती. सातव्या वर्षी तिच्या कण्यात संधिवात सुरू झाला आणि पुढची अडीच वर्षे तिची मागची बाजू दिवसातून दोनदा स्वच्छ करून कोरडी करणे हा आमच्या दिनक्रमाचा भाग झाला. त्या काळात इतर सशापालकांनी आम्हाला जे प्रश्न विचारले आणि जे आम्ही आमच्या पशुवैद्यांना विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ओलीचे कारण पशुवैद्यच शोधू शकतात. घरी करता येण्याजोगे काम मात्र पुष्कळ आहे आणि ते नीट केले तर सशाची वेदना खरोखर कमी होते.

सशाच्या मागच्या पायांवरचे केस ओले आणि पिवळट दिसतात. पिंजरा अस्वच्छ असल्यामुळे असे होते का?

कधीकधी तेवढेच कारण असते, पण तसे गृहीत धरू नये. निरोगी ससा लघवी करताना मागचा भाग किंचित उचलतो, शेपूट वर घेतो आणि लघवीची धार शरीरापासून दूर टाकतो, त्यामुळे त्याचे स्वतःचे केस सहसा भिजत नाहीत. ते वारंवार भिजत असतील तर सशाला तशी बैठक घेता येत नसावी, मूत्राशयावर ताबा राहिला नसावा, लघवीचे प्रमाण वाढले असावे किंवा ससा स्वतःच्याच ओलीत बसून राहत असावा. शेवंतीच्या बाबतीत पहिली खूण म्हणजे डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा पिवळट डाग होता, आणि तो आम्ही आठवडाभर मातीचा समजत राहिलो. राखाडी किंवा काळ्या सशाच्या अंगावर असा डाग दिसतही नाही. म्हणून पांढरा टिश्यूपेपर घेऊन तो शेपटीखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला हलकेच दाबून पाहावा. कागदावर ओल किंवा पिवळा ठसा उमटला, तर शंका खरी आहे असे समजावे.

केसांना काळपट, चिकट आणि उग्र वासाचा थर लागला असेल, तर मात्र ती लघवी नसून मऊ लेंड्या असतात. ससा या लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो आणि त्याच्या पोषणासाठी त्या आवश्यक असतात. पाठ वाकत नसेल, वजन जास्त असेल, दात दुखत असतील किंवा आहारात गवत कमी असेल तर त्या तशाच चिकटून राहतात. म्हाताऱ्या सशांमध्ये या दोन्ही तक्रारी बहुधा एकदमच आढळतात.

सशाची लघवी त्वचेला इतकी का झोंबते?

सशाचे शरीर अन्नातले कॅल्शियम फारशी निवड न करता शोषून घेते आणि जास्तीचे कॅल्शियम मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकते. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या लघवीत कॅल्शियम अगदी थोडे असते, सशाच्या लघवीत ते भरपूर असते. ही लघवी अल्कधर्मी असते आणि तिचा सामू साधारण 8 ते 9 असतो. ती केसांत वाळली की पांढरट, खरखरीत भुकटी मागे राहते आणि बोटांना रांगोळीसारखी लागते. सशाची कातडी अतिशय पातळ, तर तिच्यावरचे केस अतिशय दाट असतात. परिणामी ओल आत कोंडली जाते, कातडी मऊ पडते, भुकटी तिच्यावर घासत राहते आणि तेथे जंतू वाढतात. प्रथम त्वचा गुलाबी होते, नंतर लाल, मग केस गळून ती चकाकू लागते आणि शेवटी सोलवटून चिघळते. गुलाबी अवस्थेत लक्ष दिले तर काही दिवसांत आराम पडतो. चिघळल्यावर काही आठवडे जातात.

लघवीवरचा ताबा जाण्याची कारणे कोणती?

वयस्क सशांमध्ये कण्याचा किंवा खुब्याचा संधिवात हे फार मोठे कारण आहे आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, कारण ससा दुखणे लपवतो आणि आपण त्याला ‘आता शांत झाला आहे’ असे म्हणतो. मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ साचणे, मुतखडा होणे किंवा जंतुसंसर्ग होणे ही दुसरी मोठी कारणे आहेत. गाळ साचलेल्या सशाची लघवी कधी दाट, चुन्याच्या निवळीखालच्या साक्यासारखी येते, तर कधी मूत्राशय पूर्ण रिकामे न झाल्यामुळे वरची पातळ लघवी थेंबाथेंबाने झिरपत राहते.

एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी मेंदू, मज्जारज्जू आणि मूत्रपिंडे यांवर आघात करतो. त्यामुळे मान वाकडी होणे किंवा मागचे पाय लुळे पडणे यांबरोबरच लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. यावर पशुवैद्य सहसा 28 दिवसांचा फेनबेंडाझोलचा कोर्स देतात. हा परजीवी सशाच्या लघवीतून पसरतो आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या माणसांना त्याचा धोका असतो, म्हणून स्वच्छता करताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

ससा हातातून निसटून पडला किंवा चुकीच्या पकडीत असताना त्याने जोरात लाथ झाडली, तर त्याचा कणा मोडू शकतो. अशा वेळी ताबा अचानक जातो आणि तातडीने दवाखाना गाठावा लागतो. याखेरीज मूत्रपिंडांचा आजार, लठ्ठपणामुळे पडलेल्या वळ्या, तळपायांच्या जखमा आणि क्वचित गर्भाशय काढलेल्या माद्यांमध्ये संप्रेरकांची कमतरता हीदेखील कारणे असतात.

लघवी नारिंगी किंवा लालसर दिसते. ते रक्त असेल का?

सशाच्या लघवीचा रंग फिकट पिवळ्यापासून विटकरीपर्यंत बदलतो आणि खाण्यातल्या वनस्पतींच्या रंगद्रव्यांमुळे ती पूर्णपणे लालही दिसू शकते. किंचित गढूळपणाही नेहमीचा आहे. मात्र पिवळ्या लघवीत लाल रेषा किंवा गुठळ्या वेगळ्या दिसत असतील, किंवा गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया न झालेल्या मादीच्या लघवीबरोबर रक्त येत असेल, तर विलंब करू नये. चार वर्षांपुढील अशा माद्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असते. ससा जोर करतो आहे आणि लघवी होतच नाही, असे दिसले तर रात्र असली तरी त्याला दवाखान्यात न्यावे.

पशुवैद्य कोणत्या तपासण्या करतात, आणि आमच्या गावात सशाचे डॉक्टर नसतील तर काय करावे?

बहुतेक वेळा लघवीची तपासणी, रक्ततपासणी आणि पोट व कण्याचा एक्स-रे केला जातो. कॅल्शियमचा गाळ आणि खडे एक्स-रेवर पांढरे शुभ्र उमटतात, त्यामुळे ही एक तपासणी पुष्कळ काही सांगून जाते. कुत्र्यामांजरांवर उपचार करणारे सर्वच दवाखाने सशावर उपचार करत नाहीत, म्हणून दूरध्वनी करून आधी विचारून घ्यावे. जवळ कोणी नसेल तर परळ येथे 1886 पासून चालू असलेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडे चौकशी करता येते. सशाला प्रवासात उपाशी ठेवू नये. त्याला उलटी होत नाही, आणि पोट रिकामे राहिले तर आतड्यांची हालचाल मंदावते.

रोजची स्वच्छता नेमकी कशी करावी?

आम्ही सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळी हे काम करत असू आणि त्याला सरासरी वीस मिनिटे लागत. लागणारे सर्व सामान आधी हाताशी ठेवावे: दोन जुने सुती पंचे, कापसाचे मोठे बोळे, कोमट केलेले नॉर्मल सलाईन (निर्जंतुक मिठाचे पाणी) आणि मऊ टिश्यूपेपर. जमिनीवर मांडी घालून बसावे, म्हणजे ससा निसटला तरी उंचावरून पडणार नाही. सशाला पंचात सैलसर गुंडाळून त्याचे डोके आपल्या काखेकडे आणि मागचा भाग आपल्या हाताकडे येईल असे घ्यावे, आणि एक हात सतत त्याच्या ढुंगणाखाली आधाराला ठेवावा. त्याला उताणा करून निश्चल ठेवण्याची पद्धत काही जण सुचवतात, परंतु तसा पडून राहिलेला ससा आरामात नसून घाबरलेला असतो आणि दुखऱ्या कण्यावरही त्याचा ताण येतो.

सलाईनमध्ये भिजवलेला बोळा डागावर घासू नये. तो अर्धा मिनिट नुसता टेकवून ठेवावा, म्हणजे वाळलेली भुकटी विरघळते, आणि मग केसांच्या दिशेने अलगद टिपून घ्यावी. बोळा स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावे. शेपटीच्या मुळाशी आणि जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या घड्या असतात, त्या बोटाने हळूच फाकवून पाहाव्यात, कारण सर्वांत जास्त चिघळलेली जागा तेथेच लपलेली असते. शेवंती एरवी गुपचूप बसे, पण उजवीकडच्या घडीला बोळा लागला की तिचे दात कराकरा वाजत. वेदनेत असलेला ससा असे जोरात दात चावतो. आनंदात होणारी हलकी कुरकुर त्याहून वेगळी असते, आणि हा फरक लवकर ओळखता येणे फार उपयोगी ठरते.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे कोरडे करणे, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. टिश्यूपेपरने दाबून टिपावे, मग कोरड्या पंचाने टिपावे आणि शेवटी केस बोटांनी विलग करून मुळाशी ओल राहिली नाही याची खात्री करावी. केस सुकवण्याचे यंत्र वापरायचेच असेल तर सर्वांत कमी उष्णतेवर, लांबून आणि मध्ये आपला हात धरून वापरावे. मलम थोडे कमी-जास्त झाले तरी चालते, पण मुळाशी राहिलेली ओल तासाभरात सगळी मेहनत वाया घालवते.

त्वचा अखंड असेल आणि नुसता पिवळा डाग असेल, तर स्वयंपाकघरातले कॉर्नफ्लोअर केसांत भुरभुरून, हलक्या हाताने चोळून विंचरून काढता येते. उघड्या जखमेवर ते टाकू नये, त्याचा चिकट लगदा होतो. टाल्कम पावडर मात्र कधीच वापरू नये, कारण ती सशाच्या श्वासात जाते.

त्याला सरळ आंघोळच घातली तर?

पूर्ण आंघोळ घालू नये. भिजलेला ससा अतिशय घाबरतो, त्याचे दाट केस तासन्‌तास ओले राहतात आणि शरीराचे तापमान खाली जाऊ शकते. घाण फारच चिकटली असेल तर घमेल्यात जेमतेम दोन-तीन बोटे कोमट पाणी घेऊन, तळाशी टॉवेल अंथरून, फक्त मागचा भाग त्यात धरावा आणि लगेच पूर्ण कोरडा करावा.

तेथील केस कापावेत का?

जटा झालेले केस काढल्याशिवाय त्वचेला हवा लागत नाही आणि औषधही पोहोचत नाही, म्हणून ते काढणे आवश्यक असते. पण कात्री वापरू नये. केस ओढले की सशाची कातडी तंबूसारखी वर येते आणि पात्यात सापडून कागदासारखी फाटते. पहिल्यांदा हे काम पशुवैद्यांकडूनच करून घ्यावे. त्वचा फार दुखरी असेल तर ते वेदनाशामक किंवा गुंगीचे औषध देऊन करतात. तळपायांवरचे केस कधीही काढू नयेत. सशाच्या पायांना कुत्र्यासारखी गादी नसते आणि ते केस हेच त्याचे पायताण असते.

कोणते मलम लावावे? हळद किंवा खोबरेल तेल चालेल का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्यामागची माया आम्हाला समजते, कारण आपल्या घरांत खरचटले की आधी हळदीचा डबाच उघडतो. परंतु खोबरेल तेलाने सशाचे केस चपट होतात, त्यांत ओल आणि घाण अडकते. हळदीचा लेप सुकून पापुद्रे धरतो, ते काढताना कातडी ओढली जाते आणि खालची लाली झाकली गेल्यामुळे जखम बरी होते आहे की वाढते आहे हेच कळत नाही. ससा स्वतःला चाटतो, त्यामुळे लावलेले सर्व काही त्याच्या पोटात जाणार हे धरूनच निवड करावी. म्हणून झिंक ऑक्साइड असलेली बाळांची मलमे, टी ट्री तेल आणि घरगुती जंतुनाशके लावू नयेत.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. औषधाच्या दुकानात खाजेसाठी सहज मिळणाऱ्या अनेक मलमांमध्ये बुरशीनाशक आणि प्रतिजैविकाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टिरॉइड असते. माणसाची खाज त्याने तात्पुरती थांबते, पण ससा स्टिरॉइडला अतिशय संवेदनशील असतो आणि त्याची प्रतिकारशक्ती दबते, जखम भरायला उशीर होतो, सुप्त संसर्गही उफाळू शकतो. नळीवरचे घटक वाचल्याशिवाय काहीही लावू नये. पशुवैद्य चिघळलेल्या त्वचेसाठी बऱ्याचदा 1 टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन देतात. ते स्वच्छ आणि कोरड्या जागीच, अगदी पातळ थरात लावायचे असते. मलमाचा जाड थर म्हणजे आणखी ओल.

दुखू नये म्हणून घरातली गोळी किंवा उरलेले प्रतिजैविक देता येईल का?

नाही. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधे, तसेच क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात, विषारी जंतू वाढतात आणि त्यातून मृत्यू येऊ शकतो. वेदनेसाठी पशुवैद्य सहसा मेलॉक्सिकॅम देतात, परंतु मूत्रपिंडांची स्थिती पाहून आणि वजनावरून त्याचे प्रमाण ठरते. दुखणे थांबले की संधिवात असलेला ससा पुन्हा मागचा भाग उचलू लागतो आणि निम्मी ओल आपोआप कमी होते. शेवंतीच्या बाबतीत औषध सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी सकाळचा टिश्यूपेपर पहिल्यांदा जवळजवळ कोरडा निघाला होता.

अंथरूण कसे असावे?

जाळीच्या तळाचा पिंजरा आधी बाजूला काढावा. तो तळपायांना जखमा करतो आणि दुखरे पाय असलेला ससा एकाच जागी बसून राहतो. आमच्याकडे उपयोगी पडलेली रचना साधी होती: सर्वांत खाली लहान बाळांसाठी वापरतात ती ड्रायशीट, तिच्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे रुग्णांचे अंडरपॅड, आणि सर्वांत वर फ्लीसचे कापड. फ्लीस ओल खाली जाऊ देते आणि स्वतः वरून बऱ्यापैकी कोरडे राहते. सुती दुपटे किंवा गोधडी मऊ असली तरी ओल धरून ठेवते, म्हणून तिचा उपयोग फक्त कडेला टेकायला करावा. ससा कापड कुरतडून गिळत असेल तर अंडरपॅडच्या कडा दडपून टाकाव्यात. वरचे कापड दिवसातून दोनदा बदलावे आणि सुगंधी द्रव न घालता धुवावे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून किमान सहा कापडे असावीत. लघवीच्या ट्रेची एक बाजू कापून उंबरठा अगदी बुटका करावा, कारण अनेक ससे ट्रेपर्यंत जातात आणि चढता येत नाही म्हणून बाहेरच बसतात.

बाळाचा डायपर लावला तर चालेल का?

पूर्ण लुळ्या सशासाठी काही पशुवैद्य तो मर्यादित वेळ लावायला सांगतात. एरवी तो हवा अडवतो, मऊ लेंड्या खाण्यात अडथळा आणतो आणि कुरतडला गेला तर आतली शोषक भुकटी पोटात जाते. सोलवटलेल्या त्वचेवर तर तो लावूच नये. मूत्राशय हाताने दाबून रिकामे करण्याचे कामही पशुवैद्यांनी समोर बसवून शिकवल्याशिवाय करू नये, चुकीच्या दाबाने मूत्राशय फुटू शकते.

आहारात काय बदलावे?

आपल्याकडे सशासाठी म्हणून हमखास दिला जाणारा हिरवा चारा म्हणजे लसूणघास, आणि त्यात कॅल्शियम बरेच असते. गाळाची तक्रार असलेल्या मोठ्या सशाचा तो बंद करून वाळलेले गवत मुबलक द्यावे: टिमोथी किंवा ओटचे गवत, आणि फवारणी नसलेल्या जागची स्वच्छ धुतलेली हरळी. शेवग्याचा पाला कमी करावा. दाणे, बिस्किटे आणि पोळी पूर्ण बंद करावीत, त्यांनी वजन वाढते. बदल मात्र आठवड्याभरात हळूहळू करावा.

पाणी कमी करणे ही गंभीर चूक आहे. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडले की गाळ आणखी दाट होतो. सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिलिलीटर पाणी लागते, आणि बाटलीच्या नळीपेक्षा जड वाडग्यातून तो जास्त पितो. पाला धुऊन, न झटकता ओलाच द्यावा.

जखमेजवळ माशा घोंघावताना दिसतात. काळजीचे कारण आहे का?

होय, आणि या पानावरचे हे सर्वांत तातडीचे उत्तर आहे. लघवीच्या वासावर माशा येतात, ओल्या केसांत अंडी घालतात आणि 24 तासांच्या आत त्यांतून अळ्या बाहेर पडून जिवंत मांस खाऊ लागतात. आपल्याकडील उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात हा धोका फार वाढतो. अंडी तांदळाच्या बारीक कण्यांसारखी, पिवळट पांढरी आणि केसांच्या मुळाशी झुबक्याने चिकटलेली दिसतात. एक जरी अळी दिसली तरी पाण्यात न बुडवता, दिसतील त्या चिमट्याने काढत सशाला त्याच दिवशी, त्याच तासात दवाखान्यात न्यावे. घरात कुत्र्यासाठी आणलेला फिप्रोनिलचा फवारा सशावर कधीही मारू नये, तो सशाला घातक आहे. खिडक्यांना जाळी लावणे आणि दिवसातून दोनदा टॉर्च घेऊन शेपटीखाली पाहणे, हाच खरा बंदोबस्त आहे.

दुसरा ससा सोबत असेल तर त्याला वेगळे करावे का?

शक्यतो नाही. जोडीदार नसला की ससा खाणे सोडतो असे अनेकदा घडते. जोडीदार जखम सतत चाटत असेल तर मलम लावल्यावर अर्धा तास मध्ये जाळी ठेवावी आणि नंतर त्यांना पुन्हा एकत्र करावे. जखमी सशाच्या गळ्यात चकतीसारखी कॉलर घातली, तर त्याला मऊ लेंड्या खाता येत नाहीत, म्हणून तो शेवटचा उपाय ठेवावा.

हे किती काळ करावे लागेल? आणि थांबायची वेळ कशी ओळखावी?

संसर्ग किंवा गाळ असेल तर उपचारांनंतर ओल पूर्ण थांबू शकते. संधिवात किंवा कण्याची इजा असेल तर ही काळजी बहुधा आयुष्यभराची असते, आणि असे ससे नीट सांभाळले तर चांगले जगतात, हे आम्ही पाहिलेले आहे. एक वही ठेवावी आणि तीत रोज चारच गोष्टी लिहाव्यात: गवत किती खाल्ले, लेंड्या किती आणि केवढ्या झाल्या, कागदावर ओल किती उमटली, आणि ससा स्वतःहून जागेवरून हलला का. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावे. दहा-बारा तास खाणे किंवा लेंड्या बंद असतील तर ती नोंद करून थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.

शेवंतीच्या वहीत शेवटच्या महिन्यात वजन दर आठवड्याला उतरत गेले. औषधे आणि हाताने भरवणे चालू असतानाही, जी हरळी ती आयुष्यभर आमच्या बोटांतून ओढून घेत आली होती, तिच्याकडे तिने तोंड फिरवले, आणि रक्ताच्या अहवालात मूत्रपिंडे थकल्याचे दिसले. आम्ही ती वही पशुवैद्यांसमोर उघडून ठेवली आणि त्यांच्यासोबत बसून निर्णय घेतला. त्या दिवशीही सकाळी तिला कोमट सलाईनने पुसून, पूर्ण कोरडी करूनच नेले होते.